होलिकेचं सुतक

होळीला समुद्रापारच्या बेटावरचं आमचं सगळं लॉंग माउंटन गाव रंगात न्हायचं, तेव्हा आमची शेजारीण गंगूआत्या सुतक पाळायची.

चेष्टा नाही. होळी पेटली की ती डोक्यावरून आंघोळ करायची, पांढरं लुगडं नेसायची आणि देवाच्या कोनाड्याकडे फिरकायची नाही. कुणी गुलाल घेऊन आलं की दारातूनच ओरडायची, "लांब रे! आमच्यात माणूस गेलंय."

गेलेलं माणूस म्हणजे होलिका.

गावच्या बैठकीत महाराज दरवर्षी कथा सांगत. हिरण्यकशिपू राजाला स्वतःला देव म्हणवून घ्यायचं होतं, पण त्याचाच मुलगा प्रल्हाद विष्णूचं नाव सोडीना. राजानं बहिणीला हुकूम केला, पोराला मांडीवर घेऊन आगीत बस. होलिकेकडे आगीत न जळणारी शाल होती. पण वारा सुटला, शाल उडून प्रल्हादावर पडली आणि दुष्ट होलिका जळून गेली.

इथं आत्या उठायची. "वाऱ्यानं? तिनंच घातली पोराला. आत्या होती ती!"

"बाई, पुराणात वारा आहे."

"पुराण लिहिणारा आगीत बसला होता काय?"

"अहो, युगं लोटली त्याला. आता कसलं सुतक?"

"तुमच्या घरचं माणूस जळलं असतं, तर युगं मोजली असतीत?"

महाराज हात जोडून पुढं सरकत. आम्ही पोट धरून हसायचो. आत्या खाली बसत पुटपुटायची, "की पू फेर!" म्हणजे आमच्या बेटावरच्या क्रिओली बोलीत, काय करणार. तिचं सगळं बोलणं तिथंच येऊन संपायचं. छप्पर गळलं, की पू फेर. कोंबडी मुंगसानं नेली, की पू फेर.

तरुणपणी तिचं लग्न त्रियोले गावात ठरलं होतं. त्याच सुमारास तिची वहिनी बाळंतपणात गेली. भाऊ उसाच्या मळ्यावर सरदार, म्हणजे मुकादम, मजुरांवर ओरडायची सवय झालेला. घरातही तसाच. म्हणाला, "तू गेलीस तर पोर मरंल." लग्न मोडलं. ते पोर, यशवंत, तिच्या मांडीवर वाढलं, शिकलं आणि इस्पितळातल्या नोकरीसाठी विलायतेला गेलं. बाप वारला तेव्हाही आलं नाही.

साठ सालानंतरची गोष्ट. एका होळीच्या दुपारी आत्याच्या दारात टॅक्सी थांबली. यशवंत उतरला, मागून बायको आणि लहानगी मुलगी. बायको आमच्याच बेटावरची, फिनिक्सकडची, तिला मराठी येत नव्हती. आत्या पदराला हात पुसत धावली.

"ही कोण?" मुलीनं क्रिओलीत विचारलं.

यशवंतनं बायकोकडे पाहिलं. "आमची जुनी बोन," म्हणाला. बोन म्हणजे पगारी मोलकरीण.

आत्याला क्रिओली मराठीइतकीच कळायची. मी कुंपणापाशी उभा होतो. वाटलं, आता ही याची सालटं काढणार.

"वी, वी. बोन," आत्यानं क्रिओलीतच होकार भरला, आणि मुलीच्या हातावर पुरणपोळी ठेवली.

थोड्या वेळानं टॅक्सी गेली. मी धावत आत गेलो. आत्या चुलीपुढं बसली होती, चूल विझलेली.

"हो का म्हणालीस, आत्या?"

"बायकोपुढं त्याला खोटं पाडू?"

"पुढच्या खेपेला सांगेल तो खरं."

"नाही येणार रे तो आता." हे ती सरळ, न रडता म्हणाली. मग आपले दोन्ही हात उलटे करून पाहत राहिली.

"पोरीचे हात किती गार होते," ती म्हणाली. "फार थंडी असते का रे तिकडं?"