दोन विहिणींचे दोन वेल

गॅलरीत एकच वेल लावला असता, तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण एकाच आठवड्यात घरात दोन पुड्या आल्या. सोमवारी सासूबाईंनी दोडक्याचं बी पाठवलं आणि गुरुवारी आईने घोसाळ्याचं. दोन्हींबरोबर निरोप एकच होता, "लाव, फार छान येतं." आता गॅलरी केवढी, तर एकाने उभं राहायचं आणि दुसऱ्याने आतून बोलायचं. एखाद्या शहाण्या माणसाने एक पुडी फडताळात सारली असती आणि "उगवलंच नाही हो" म्हणून हात झटकले असते. पण या घरची सून वजनमापांच्या कार्यालयात तपासनीस होती.

दिवसभर दुकानदारांचे तराजू पारखायचे, हलकी वजनं नापास करायची, हा तिचा उद्योग. आणि तो घरी आल्यावरही अंगातून उतरत नसे. नवरा तिला लाडाने 'तराजू' म्हणायचा. सासऱ्यांना तर या नोकरीचा एवढा अभिमान, की बाजारात ते आधी "आमची सून वजनमापात आहे बरं का" असं सांगत आणि मग वांगी मागत.

"दोन्ही लावू," ती म्हणाली. "एकाच दिवशी, एकाच मापाच्या कुंड्यांत."

"अगं, पण जागा कुठे आहे?"

"पडदे आठव."

पडदे म्हटल्यावर नवरा कुंड्या आणायला निघाला. गेल्या वर्षी आईने दिलेले पडदे पुढच्या खोलीत लागले आणि सासूबाईंचे मागच्या. एवढ्यावरून दोघी विहिणी तीन महिने एकमेकींशी बोलल्या, त्या फक्त तिच्या मार्फत. फोन वाजला की तिच्या हातातलं भांडं सुटायचं. (त्या तीन महिन्यांत घरातले सहा कप आणि एक किटली गेली.) तेव्हापासून दोघी एका खोलीत बसून जेवल्या नव्हत्या. आता या वेलांवरून पुन्हा तेच झालं, तर आपण स्टीलचेच कप घ्यावेत असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

वेल मात्र आपापल्या मालकिणींवर गेले. दोडका सासूबाईंसारखा ताठ, दोरी दाखवली की सरळ दोरीनेच जाणारा. (हे ती मनातसुद्धा हळू आवाजात म्हणाली.) घोसाळं आईसारखं, गुळगुळीत, मायाळू आणि न विचारता सगळीकडे पसरणारं. पंधरा दिवसांत ते छताच्या गजाला भेटून आलं, महिन्याभरात त्याने नवऱ्याचा बनियन दोरीवर कायमचा बांधून टाकला.

फुलांनी आणखी घोळ घातला. घोसाळ्याची फुलं सकाळी उमलतात आणि दोडक्याची संध्याकाळी. त्यामुळे सकाळी साडेसहाला आईचा फोन, "उमललं का गं?" आणि संध्याकाळी साडेसहाला सासूबाईंचा, "फुललं का?" पण पहिले दोन आठवडे नुसती फुलं यायची आणि गळायची. तिचा जीव थाऱ्यावर राहिना.

"ती सगळी नर फुलं असतील," सासूबाई म्हणाल्या. "पुरुष आधी येऊन बसतात. कामाचं कुणी यायला वेळ लागतो."

कामाची फुलं आली, तर मधमाश्या येईनात. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा. त्याने आपला तीन नंबरचा ब्रश काढून दिला. मग ती रोज सकाळी स्टुलावर चढून घोसाळ्याचे पराग इकडून तिकडे न्यायची आणि संध्याकाळी दोडक्याचे. दोन्हींकडे मोजून बारा फटकारे, कमी नाही, जास्त नाही. समोरच्या इमारतीतल्या आजोबांनी एकदा "काय रंगवताय?" म्हणून विचारलं, तेव्हा दचकून ती स्टुलासकट खोलीत आली.

अखेर दोन्ही वेलांना फळं धरली, त्यातली तिने दोन-दोनच ठेवली. (दोन, कारण ऑफिसात एक नमुना तपासतात आणि एक राखीव ठेवतात.) आनंदाच्या भरात तिने दोन्हीकडे फोन करून जाहीर केलं, "पहिली भाजी दोघींनी इथे येऊन, एकत्र बसून खायची."

फोन ठेवला आणि मग तिला सुचलं. भाजी एकीची जास्त आणि एकीची कमी झाली तर?

तिने ऑफिसची पोलादी टेप आणली. दोडके डोळ्यांसमोर लोंबत होते, ते मानेपासून शेंड्यापर्यंत नीट मोजता येत. घोसाळी वर गजापाशी. तिथे स्टुलावर चढून टेपच्या टोकाचा आकडा देठाच्या वरच्या गाठीत अडकवायचा, टेप खाली सोडायची आणि डोळे मिटून उतरायचं. पहिल्या रविवारी घोसाळं बावीस सेंटिमीटर भरलं, दोडका पंधरा.

"अगदी कोवळी आहेत, आजच तोड," नवरा म्हणाला.

"आणि माझ्या आईचं मोठं दिसू दे? दोडक्याला गाठू दे त्याला."

पुढच्या रविवारी दोडका तेहतीस आणि घोसाळं तीस.

"आता?"

"आता तुझ्या आईचा मोठा झाला. थांब."

"अगं, तुमच्या ऑफिसात थोडाफार फरक चालतो ना?"

"वजनांना चालतो. विहिणींना चालत नाही."

दोन्हीकडे फोन गेले, जेवण पुढच्या रविवारी. मागे पडलेल्याला ती जास्त पाणी घाली, पुढे गेलेल्याला वर्तमानपत्राची सावली करी. घोसाळं वाकडं होऊ लागलं, तेव्हा तिने त्याच्या टोकाला ऑफिसातलं एक नापास वजन सुतळीने टांगलं. (दोनशे ग्रॅमला चार ग्रॅम कमी भरलं होतं बिचारं. इथे तरी उपयोगी पडलं.) असे पाच रविवार गेले. फळांचा हिरवा रंग उतरून पिवळट झाला, तेव्हा तर ती खूश झाली. फळ पिकलं की गोड होतं, हे तिचं फळांविषयीचं एकमेव ज्ञान होतं.

सहाव्या शनिवारी संध्याकाळी ती स्टुलावरून अशी काही ओरडली, की नवरा ब्रशसकट धावला.

"साडेअडतीस! चारही! अगदी काट्यावर काटा."

रविवारी सकाळी तिने एक जोडी कापायला घेतली. सुरी दोडक्यावरून घसरली आणि घोसाळ्यात अडकून बसली. नवऱ्याने पेटीतली करवत आणून दिली. कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या, तरी फोडी जशाच्या तशा, ताठ मानेने बसलेल्या. "आणखी सात दे," नवरा म्हणाला, तेवढ्यात बेल वाजली आणि तिच्या हातातून झाकण पडलं.

आई, सासूबाई आणि सासरे टेबलाशी बसले. तिने दोन्ही भाज्या तोलून, ग्रॅमला ग्रॅम मिळवून वाढल्या आणि डाव हातात धरून उभी राहिली. दोघींनी आधी आपापली भाजी तोंडात घातली.

खोलीत फक्त चावण्याचा आवाज. एक मिनिट झालं. दोन झाली.

"विहीणबाई," आई घास एका गालात सारून म्हणाली, "दोडका फार छान उतरलाय हो तुमचा."

"छे, तुमच्या घोसाळ्याची चव काही औरच," सासूबाई दुसऱ्या गालातून म्हणाल्या. "अजून तोंडात आहे."

सासऱ्यांनी मात्र विश्वासाने मोठा घास चावला आणि फोड ओढून बाहेर काढली. फोडीबरोबर त्यांची वरची कवळी आली. ती घोसाळ्याच्या धाग्यांत अशी गुंतली होती, की ताटात घोसाळंच हसतंय असं वाटत होतं.

"अगं, हे तोडलंस कधी?" आईने विचारलं.

"काल. पाच आठवडे थांबले, दोन्ही सारखी व्हायला. म्हणजे तुम्हा दोघींना... पडद्यांसारखं नको म्हणून." बोलता बोलता तिचे डोळे भरून आले.

आईने सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाईंनी आईकडे पाहिलं. आणि मग दोघी अशा हसत सुटल्या, की सासूबाईंनी आईचा खांदा धरला आणि आईने सासूबाईंच्याच पदराला डोळे पुसले.

"विहीणबाई, हिला शिकवलंत तरी काय?"

"आमच्याकडे बरी होती हो. गेली तीन वर्षं तुमच्याकडेच आहे."

तीन वर्षांत दोघींचं एकमत झालेलं हे पहिलंच, आणि ते तिच्या मूर्खपणावर. पण चालेल, ती म्हणाली मनात. कप वाचले.

त्याच उत्साहात दोघी गॅलरीत शिरल्या. (त्या गॅलरीत दोन माणसं मावतात, हे त्या दिवशी कळलं.) राखीव जोडी तोडून, साल सोलून, बिया झटकून त्यांनी दोन झकास घासण्या काढल्या आणि खरकटी भांडी खसाखसा घासायलाही घेतल्या. शेवटी घासण्या धुऊन शेजारी शेजारी वाळत घातल्या. आई थबकली.

"ही दोन्ही सारख्या मापाची होती ना गं? मग घोसाळं चार बोटं आखूड कसं?"

सासूबाईंनी दोन्ही उचलून टोकाला टोक लावलं. चार बोटं आखूडच.

नवरा छताच्या गजाकडे पाहत सावकाश म्हणाला, "तराजू, तू ते देठासकट मोजत होतीस."

सासऱ्यांनी कवळी धुऊन तोंडात बसवली, सुनेकडे एकदा पाहिलं आणि टोपी घालून निघाले.

दुसऱ्या दिवशी बाजारात भाजीवाल्याने सवयीने काटा पुसून विचारलं, "काका, सूनबाई वजनमापात ना तुमच्या?"

"नाही हो," सासरे म्हणाले, "पोस्टात आहे."