परसोंचे टायर

सांगतो, पण कोणी विश्वास ठेवणार नाही! ठेवूही नका. लाडवांवर चाललेल्या मोटारीतून नवरदेवाला वेळेवर मांडवात पोचवणारा माणूस अख्ख्या हैदराबादेत एकच, आणि तो मी!

गेल्या रविवारी दिलसुखनगरला, माझ्या पुतण्याच्या, मिलिंदच्या घरी, त्याच्या लग्नाच्या तिसऱ्या वाढदिवसाला मी ही हकीकत भर पंगतीत सांगितली. समोर स्वतः मिलिंद, त्याची बायको प्राजक्ता, त्याची आई म्हणजे माझी वहिनी कुसुमताई, आणि माझे मित्र हिम्मतराव. सगळे त्या प्रवासातले नाही तर त्या मांडवातले! साक्षीदारांच्या तोंडावर थापा मारायला मी काय वेडा आहे? तिथे सांगितली तशीच इथे सांगतो.

मिलिंदच्या लग्नाच्या साली सरकारने परदेशी मालाला दरवाजे उघडले आणि आमच्या गल्लीत टीव्हीची पहिली डिश आली. तिच्यावर हिम्मतरावांनी एक गोरा म्हातारा आणि त्याची म्हातारी पाहिली. दोघं चाकांवरच्या घरात राहतात, वाटेल तिथे थांबतात आणि वाटेल तिथे अंडी तळतात! हिम्मतराव बँकेतून नुकतेच निवृत्त झालेले. अंडं त्यांनी जन्मात खाल्लं नव्हतं, पण ते घर त्यांच्या डोक्यात असं शिरलं की निघेना.

गौलीगुड्यात एका गोदामामागे कुठल्याशा औषध कंपनीची लांबुडकी व्हॅन आठ वर्षं उभी होती. आत एक शेळी दोनदा बाळंत झालेली. शेळीची समजूत काढून ती बाहेर, हिम्मतराव आत! महिन्याभरात गाडीत शिसवी पलंग आला, गॅसची शेगडी आली, पाण्याचं पिंप आलं, खिडक्यांना पडदे आणि दाराला तोरण आलं. बाहेर पाटी लागली, ‘हिम्मत-निवास’. खाली टपालाची पेटीसुद्धा! पोस्टमन कुठे कुठे धावणार होता, देव जाणे.

आणि पहिली सफर ठरली ती थेट मिलिंदच्या लग्नाची. हैदराबादहून बिदर!

आता इथे प्राजक्ताचे वडील दत्तोबा यांची ओळख करून देतो. बिदरचे निवृत्त मुख्याध्यापक. शाळेची घंटा तीस वर्षं स्वतःच्या हाताने दिलेली. शिपायाच्या घड्याळावर त्यांचा विश्वास नव्हता. त्यांनी बजावून सांगितलं, “मुहूर्त बारा सतरा. बारा अठराला नवरदेव आला तर त्याने जेवून जावं. लग्न होणार नाही.” आणि हे नुसतं बोलणं नव्हतं हो! प्राजक्ताचा आतेभाऊ बबलू त्यांनी नवे कपडे घालून पहिल्या रांगेत बसवायचा ठरवला होता. म्हणजे नवरदेवाची स्टेपनीच! मिलिंदने प्राजक्ताला दोनदाच पाहिलं होतं, पण दुसऱ्यांदा पाहून आल्यापासून तो चहात मीठ घालून पीत होता आणि छान झालाय म्हणत होता. बबलूचं ऐकल्यापासून तर त्याचं चहावरूनही मन उडालं.

लग्नाला दोन दिवस उरले आणि हिम्मतरावांनी गाडी माझ्या हवाली केली. म्हणाले, “टायर तेवढे बदलून आण. बाकी मी बघतो.”

गेलो. गौलीगुड्यात टायरवाले गफ्फारभाई माझ्या ओळखीचे. त्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली आणि कपाळाला हात लावला.

“क्या साब! नवे कायकू? ये टायरां तो परसोंच डालेसो हैं! देखो, बाल बराबर बी घिसे नै!”

मी पाहिलं. खरंच! नक्षी जशीच्या तशी. आणि रंग? काळेकुळकुळीत, चकचकीत!

आता बाहेरगावच्यांसाठी सांगतो. पुण्याचा परवा म्हणजे कालच्या आधीचा दिवस, बास! हैदराबादचा ‘परसों’ मात्र तिथून निघतो आणि थेट निजामाच्या आजोबांपर्यंत कुठेही उतरतो. आमच्या घरमालकांचे वडील ‘परसोंच’ वारले, आणि त्यांची कबर माझ्या जन्माच्या आधीची आहे! हे मला ठाऊक नव्हतं का? होतं. पण ती नक्षी पाहून माझी मती गुंग झाली. गाडी तशीच परत नेली आणि हिम्मतरावांना म्हणालो, “एकदम नवे! बघा!”

लग्नाच्या दिवशी पहाटे सहाला निघालो. मिलिंदचे वडील, म्हणजे माझे दादा, वऱ्हाड घेऊन आदल्या दिवशीच पुढे गेले होते. गाडीत हिम्मतराव चालवायला, मी मार्गदर्शनाला, पलंगावर नवरदेव, आणि त्याच्या उशाशी कुसुमताई, डिंकाच्या लाडवांचे चार पत्र्याचे डबे कवटाळून. तीनशे एक्कावन्न लाडू! व्याह्यांकडे द्यायचे म्हणून आठवडाभर खपून वळलेले. नवरदेवाच्या बुटांना खोबरेल तेलाचा वास येत होता, पण लग्नघाईत असल्या गोष्टी कोण विचारतो!

मे महिना. आठ वाजता रस्ता तव्यासारखा. पटानचेरू मागे पडलं आणि धडाम्! मला वाटलं, गॅसची टाकी गेली. पिंपातलं पाणी मिलिंदच्या अंगावर, मिलिंद कुसुमताईंच्या अंगावर, आणि कुसुमताई लाडवांच्या अंगावर!

“टायर!” हिम्मतराव ओरडले. “अरे, तू तर नवे म्हणाला होतास!”

“नव्यांनाच जास्त जोर असतो,” मी म्हणालो.

स्टेपनी चढवली. स्टेपनीही त्याच खानदानातली. पुण्यातल्या नव्हे, आमच्याकडच्या सदाशिवपेठच्या अलीकडे तिने नुसतं ‘फुस्स’ केलं आणि आमचं घर एका अंगावर कललं, पंगतीत बसल्या बसल्या डुलकी लागलेल्या भटजींसारखं. घड्याळात सव्वानऊ. बिदर अजून सत्तर किलोमीटर!

नशिबाने समोरच एक पंक्चरवाला. नाव यादगिरी. त्याने टायरच्या कडेला बोट लावलं आणि उस्मानिया बिस्किटाचा तुकडा पडावा तसा रबराचा तुकडा त्याच्या हातात आला! कडेला सगळ्या भेगा, माझ्या टाचांना लाजवतील अशा.

“ये चलके नै मरे साब,” तो म्हणाला, “खडे खडे मर गए. नक्षी को क्या चाटना? आठ साल धूप खाया, ऊपर से घर का घर लाद दिए.”

“दुसरा टायर आहे का?”

“इस साइज का? लेदु, नै है! हैदराबाद जाना पडता.”

मिलिंद मटकन खाली बसला. “गेलं! बबलूने मुंडावळ्या बांधल्या असतील!”

“एक काम कर सकते,” यादगिरी म्हणाला. “ट्यूब निकाल के अंदर गवत ठासना. हळू हळू जाती गाडी.”

पण मे महिन्यात गवत कुठलं? चार दिशांना नजर टाकली, नुसती ढेकळं. तेवढ्यात माझी नजर कुठे गेली असेल सांगा!

कुसुमताईंनी ती नजर ओळखली. “भावोजी! डब्याला हात लावाल तर बघा! आठवडा गेलाय माझा!”

“वहिनी, डिंकाचे आहेत. रबर काय, डिंक काय, दोन्ही झाडाचाच चीक.”

“नाही म्हणजे नाही!”

तेव्हा मिलिंद उठला. आवाज असा, की दगडाला पाझर फुटावा. “आई, लाडू हवेत की सून?”

कुसुमताईंनी मुलाकडे पाहिलं. डब्यांकडे पाहिलं. पुन्हा मुलाकडे पाहिलं. मग पदर खोचला.

“किती लागतील?”

तीनशे बारा लागले! यादगिरीने भगदाडाला आतून जुन्या टायरचा तुकडा लावला आणि आम्ही चौघं लाडू ठासत बसलो. एकही फुटेना! कुसुमताईंचा पाक हो तो! निघताना यादगिरीने पैसे घेतले नाहीत, चार लाडू मात्र घेतले.

आणि गाडी चालली! काय ऐट! पहिले वीस किलोमीटर डुगडुगली, मग उन्हाने गूळ पाघळला, तूप सुटलं आणि चाक असं वळलं जसं लोण्यावर चालावं! जहीराबादेत तुपाच्या वासाने कुत्री मागे लागली. बिदरच्या वेशीपर्यंत अठ्ठावीस झाली होती. वेशीवर उभ्या बँडवाल्यांना वाटलं, हैदराबादची वरात अशीच निघते. ते वाजवतच पुढे झाले!

मांडवाच्या दारात गाडी थांबली तेव्हा बारा चौदा. बबलू उभा राहून कपडे झटकत होता. दत्तोबांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं, कानाला लावलं, पुन्हा पाहिलं.

“तीन मिनिटं लवकर आलात,” ते म्हणाले. “हरकत नाही.”

बबलू खाली बसला. लग्न लागलं! संध्याकाळी टायर सोडवला तर आतून निघाला सलग एकच लाडू! कड्यासारखा गोल, वरून टायरची नक्षी उमटलेली. रुखवतात मधोमध मांडला. दत्तोबांनी करवतीने कापून अडीचशे माणसांना वाढला!

इथे मी पाणी प्यायलो. प्राजक्ता पदर तोंडाला लावून हसत होती. कुत्र्यांच्या आकड्यावरही कोणी शंका काढली नाही. हिम्मतराव तर हळहळत म्हणाले, “सगळा घोटाळा त्या गफ्फारने केला बघ!”

“मग काय!” मी म्हणालो.

तेव्हा मिलिंदने हातातली पोळी ताटात ठेवली.

“काका, लाडू मान्य. कुत्री अठ्ठावीस, तीही मान्य. करवत तर मी स्वतः पाहिली असं कोर्टात सांगेन. पण माझ्या लग्नाच्या सकाळी बुटांना लावायला आपल्या घरात काळं पॉलिश नव्हतं. वऱ्हाडाच्या बुटांसाठी आणलेल्या मोठ्या मोठ्या पाच डब्या, पाचही चाटूनपुसून रिकाम्या! गाडीला टायर किती? स्टेपनी धरून पाच! आणि त्या डब्या, काका, तेव्हा मी परवाच आणल्या होत्या. पुण्याच्या परवा!”