खाडीपलीकडे ऐकू जाणारी शाळा

आमच्या शाळेत हळू वाचलेलं गुरुजींना चालत नसे. पोर पुस्तक घेऊन उभं राहिलं की ते अगदी समोर जाऊन त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत आणि म्हणत, "खाडीपलीकडे ऐकू गेलं पाहिजे." खाडीपलीकडे न्हावा शेव्याच्या क्रेन दिसतात. चिमणीचा धडा तिथवर जावा, अशी त्यांची अपेक्षा.

मी या शाळेत खिचडी शिजवते. चौथीपर्यंत इथेच शिकले. आमच्या कोळ्यांची पोरं हिशेबाला पक्की. आईशेजारी बसून मासळीचे वाटे लावलेले, त्यांना भागाकार वेगळा शिकवावा लागत नाही. वाचताना मात्र रडकुंडीला येत. घरी 'आमी, तुमी, नाय' आणि पुस्तकात भलतंच. ओळ समोर आली की तोंडातल्या तोंडात पुटपुटायची.

गुरुजी रोडपालीहून बदलून आले आणि हे मोठ्यानं वाचणं सुरू झालं. पोरांनी एवढा मोठा आवाज एकाच ठिकाणी ऐकलेला, बंदरावर, मासळीच्या लिलावात. ती धडेही त्याच चालीवर वाचू लागली. ससा-कासवाची गोष्ट ऐकताना वाटे, कासव आता कोणीतरी विकत घेऊन जाणार.

माणूस तऱ्हेवाईकच. मी विचारावं, खिचडीत मीठ बरोबर आहे का, तर म्हणत, "दुसरी सुधारतेय, आजी." गावातल्या हळदीला बोलावलं तर येत नसत. डबा खोलीत एकटेच खात. मी त्यांना शिष्ट ठरवून टाकलं होतं.

मग कळलं, शिक्षण खात्याचे साहेब वाचन तपासायला येणार. पोरं कच्ची निघाली तर ही शाळा बंद आणि सगळ्यांनी हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत जायचं. त्या रस्त्यानं दिवसभर कंटेनर धावतात. पहिलीचं पोर तो कसा ओलांडणार, हे कोणी सांगत नव्हतं.

साहेब आले. आपल्याजवळचं वर्तमानपत्र त्यांनी तिसरीतल्या मंजूच्या हातात दिलं. मंजूनं आख्खी बातमी लिलावात काढली. कौलांवरचे कावळे उडाले. साहेबांनी आणखी पोरं उठवली. काही अडखळली, पण थांबलं कोणी नाही.

साहेब म्हणाले, वाचन चांगलं आहे, पण एवढं ओरडून का वाचता?

"गुरुजींना ऐकू येत नाय ना," मंजू म्हणाली.

माझा पातेल्यातला हात थांबला. गुरुजी हसऱ्या चेहऱ्यानं मान हलवत होते. साहेबांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. मग समोर जाऊन, तोंड नीट उघडून म्हणाले, "शाळा इथेच राहील. तुम्ही तेवढं कानाचं मशीन लावून घ्या."

साहेबांची गाडी गेली. पोरं जेवायला बसली. गुरुजी चुलीपाशी आले आणि साहेबांना कोणी सांगितलं म्हणून विचारू लागले.

"मंजूनं," मी मोठ्यानं म्हणाले. "सगल्या पोरांना ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"पयल्यापासून."

लोक हसतील म्हणून हा माणूस हळदीला जात नव्हता, चार माणसांत बसत नव्हता, हे मला तेव्हा कळलं. ते पंगतीकडे बघत राहिले.

"एकदाही कोणी हसलं नाही," ते म्हणाले. इतका हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

मी ताटात खिचडी वाढली आणि त्यांच्या हातात दिली. उभे काय राहता, पोरांत जाऊन बसा म्हटलं. ते ऐकू आलं की नाही कोण जाणे, पण गेले. मंजूनं सरकून जागा केली.