काठोकाठ भरलेली कोठी

शपथेवर सांगतो, ही गोष्ट अगदी खरी आहे. या डोळ्यांनी पाहिलेली. म्हणजे... पाहिलेली नव्हे, ऐकलेली. पण शब्द न् शब्द ऐकलेली. (फार तर एखादा इकडचा तिकडे.)

बालाघाटात भोजराजचं घर म्हणजे दोन पुरुषांचं घर. त्याची बायको गोदाबाई जाऊन चार वर्षं झाली. मागे उरले भोजराज, मुलगा मोहित आणि चार वर्षांचा पसारा. मोहितला लामता गावची श्रुतिका आवडली होती, तिलाही तो. पण घर पाहायला येणार होती तिची आत्या विमलाबाई. आधीच्या दोन स्थळांनी ‘बाईमाणूस नाही त्या घरी पोरगी कशी द्यायची?’ म्हणून पाठ फिरवली होती. हेही गेलं असतं तर मोहितनं पुन्हा जेवण टाकलं असतं, आणि भोजराजला ते बघवत नसे.

पाहुणे उद्या यायचे होते. फोन आज आला. श्रुतिकाचे वडील, शालिकराम.

"भाऊ, अर्ध्या घंट्यात पोचून राह्यलो!"

भोजराजनं घराकडे पाहिलं. पंख्यावर बनियन, पलंगावर करपलेला कुकर, कूलरमध्ये कांदे. (का, ते विचारू नये.)

"मोहित, धानाची कोठी खाली हाय ना?"

"हौ बाबा, काहून?"

"भर!"

पत्र्याची, छातीभर उंच कोठी. तिच्यात बनियन गेले, कुकर गेला, कांदे गेले, मोहितचे तेरा मोजे गेले. वीस मिनिटांत घर असं लख्ख झालं, की भोजराज स्वतःच्याच घरात चपला हातात घेऊन अवघडून उभा राहिला.

विमलाबाई आल्या. भिंती पाहिल्या, मान हलवली. पण आमच्या धानाच्या मुलखात घर भिंतींवरून नाही, कोठीवरून जोखतात.

"कोठी कितीक भरली हाय, भोजराजभाऊ?"

"काठोकाठ, बाई!" (हे खोटं नव्हतं.)

तेवढ्यात कोठीत फोन वाजला. गाडी लावायला मागे राहिलेल्या शालिकरामला गल्ली सापडत नव्हती, आणि भोजराजचा फोन बनियनांबरोबर आत गेला होता.

"तुमचं धान बोलते का जी?" म्हणत विमलाबाईंनी झाकण उघडलं. बराच वेळ आत पाहत राहिल्या. मग कुकर वर काढला.

"हा कोनं करपवला?"

"मी," भोजराज म्हणाला.

"खोटं काहून बोलता बाबा? तुमच्याकडं भाजी हाय, भात माह्याकडं. मीच करपवला."

विमलाबाईंनी आळीपाळीनं दोघांकडे पाहिलं.

"चाळीस वर्सं झाली, माह्या घरच्या मानसाले मीठ कोठं हाय, मालूम नाही. अन् इथं बापलेक करपल्या कुकरासाठी भांडून राह्यले!" त्यांनी पदर खोचला. "देतो आमी पोरगी. पन हे सारं तिले काढाले लावाचं नाही."

भोजराज कोठीतले कांदे हातात घेऊन नुसताच डोळे पुसत राहिला. (कांदे न कापताही झोंबतात.)

आता कबुली. फोन वाजलाच नव्हता. शेजारधर्म म्हणून पसारा पायानं दाबून बसवायला मी कोठीत उतरलो होतो, आणि पाहुणे दारात दिसताच बापलेकांनी वरून झाकण लावलं. आतून आली ती माझी शिंक.

त्यामुळे विमलाबाईंचा पहिला प्रश्न कुकराचा नव्हता. माझ्याकडे बोट दाखवून त्यांनी विचारलं, "हा बी पसाराच होय का जी?"

आणि माझा तीस वर्षांचा दोस्त भोजराज हात जोडून म्हणाला, "हौ बाई. याले तर कबाडीवालाबी घेत नाही."