मेश्रामसाहेब आणि पाच मजली पगोडा

मेश्रामसाहेब कुणाचाही आकडा मानत नसत. शारजाच्या औद्योगिक भागातल्या आमच्या एसीच्या कंपनीत ते स्टोअरकीपर होते. खोक्यावर शंभर स्क्रू छापलेले असले तरी ते खोकं फोडून मोजत आणि एखादा कमी भरला की लॉटरी लागल्यासारखे खूश होत. "छापलेल्यावर भरवसा नको ठेवू राजा," असं मला रोज बजावत.

एकाच आकड्यापुढे त्यांचं काही चालत नसे. फॅमिली व्हिसाला जेवढा पगार लागे, तेवढा त्यांचा अकरा वर्षांत झाला नव्हता. बायको-मुली नागपुरात आणि हे सहा जणांच्या खोलीत, वरच्या पलंगावर. तरी विचारलं की म्हणत, "इन्शाल्ला, यंदा होऊन जाते."

सत्त्याण्णव साली कंपनीनं आम्हा दोघांना ट्रेनिंगला कोरियात पाठवलं. रविवारी साहेब कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घालून मला एका जुन्या बुद्धमंदिरात घेऊन गेले. आवारात दोन दगडी पगोडे होते. गाइड बाई म्हणाल्या, तीन मजली. साहेबांनी मान वर करून बोटांवर थर मोजले.

"पाच भरतात, मॅडम."

खालचे दोन थर चौथऱ्याचे, ते धरत नाहीत, असं बाईंनी हसून सांगितलं.

"मग डिलिव्हरी चलनात वेगळे दाखवा ना!"

मी लाजून अर्धा झालो. आत भिक्खूंचं कोरियन पठण चाललं होतं, त्यात साहेबांनी आपलं त्रिशरण खड्या आवाजात सुरू केलं, तेव्हा उरलेला अर्धाही संपलो. भिक्खूंना मात्र काही वावगं वाटलं नाही.

बाहेर टेबलावर छपराची काळी कौलं मांडली होती. दान देऊन कौलावर घरच्यांची नावं आणि पत्ता लिहायचा. डागडुजी निघाली की ती कौलं मंदिरावर चढवतात. साहेबांनी ब्रश घेऊन बायकोचं नाव लिहिलं, मग दोन्ही मुलींची, शेवटी स्वतःचं. पत्त्यापाशी हात थांबला.

"मॅडम, दोन ॲड्रेस चलते?"

"वन फॅमिली, वन हाउस," बाई म्हणाल्या.

साहेबांनी कौलावरची चारही नावं पुन्हा मोजली.

"आमच्या चौघांचा एक पत्ताच नाही रे," ते हळूच म्हणाले. मग बाईंकडे वळून त्यांनी मंदिराचा पत्ता विचारला आणि चार नावांखाली सावकाश तोच लिहिला.