मोलगीचं ठिगळ

ऊर्मिलाबेननी एकदा मला चार दिवस त्यांच्या घरी येऊ दिलं नव्हतं. भांडण वगैरे काही नव्हतं. झालं असं, की त्यांनी चहाची पावडर बदलली आणि नेमका त्याच दिवशी मी नवा चष्मा लावून गेलो. त्यांनी मला ओसरीच्या पायरीवरच थांबवलं, निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "मास्तर, दोन बदल एकदम व्हई ग्यात. आते तुम्हाले चहा आवडना नही, तर दोष पावडरना का चष्माना, कसं समजी? सोमवारे या."

मी चष्म्याने चहा पीत नाही, हे त्यांना पटेना. सोमवारी गेलो तेव्हा मात्र त्यांनी चष्म्याकडे पाहिलंही नाही. कप पुढे ठेवला आणि मी पहिला घोट घेईपर्यंत डोळ्यांची पापणी न लववता समोर बसून राहिल्या.

"एक टाईमले एकच" हे त्यांचं आवडतं वाक्य. भाजीचं तेल बदललं की महिनाभर मसाला तोच. घराला रंग दिला तर त्या वर्षी पडदे जुनेच. हे वेड त्यांच्या कामातून आलं की वेडामुळे त्यांना ते काम मिळालं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

कळसाडीत आमची घरं शेजारी शेजारी. मी शहाद्याच्या हायस्कुलातून इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. ऊर्मिलाबेन पुण्यात कंपनीत होत्या. आईवडील थकले म्हणून परत आल्या. पुढे ते दोघे गेले, आणि या राहिल्या. शेत चुलतभाऊ करतात. मागच्या खोलीत त्यांचं टेबल, टेबलासमोर खिडकी आणि खिडकीबाहेर केळीची बाग. तिथे बसून त्या पुण्याच्या कंपनीसाठी रेसिप्या लिहितात.

हा शब्द गावात फार गाजला. त्यांची कंपनी लसींच्या फ्रीजवर बसवायचा एक डबा बनवते. फ्रीजमधलं तापमान बिघडलं की तो ओरडतो. डब्याच्या पोटात छोटासा संगणक असतो, त्यात लिनक्स चालतं, आणि ते लिनक्स शेकडो बारीक प्रोग्रॅमांचं मिळून बनलेलं असतं. प्रत्येक प्रोग्रॅमची एक रेसिपी: तो कुठून आणायचा, कितवी आवृत्ती, अस्सल असल्याची खूण कोणती, कोणत्या अटींवर वापरायचा, त्याच्या आधी काय काय लागतं. मूळ प्रोग्रॅम लिहिणारे जगभर पसरलेले. त्यांनी नवी आवृत्ती काढली की ऊर्मिलाबेन आपली रेसिपी नवी करतात.

पण गावाने रेसिपी हा शब्द तेवढा ऐकला, आणि महिला मंडळाने त्यांना पाककृती स्पर्धेत परीक्षक म्हणून बोलावलं. त्या गेल्या. शेवभाजीच्या पातेल्यासमोर उभं राहून त्यांनी विचारलं, "शेव कोनी? कवयनी?" बाईने सांगितलं, बाजारातली, कालची. "तिन्हामा काय काय शे?" ते बाईला ठाऊक नव्हतं. अशी त्यांनी अकरा पातेली तपासली. पहिला नंबर दिला साध्या खिचडीला. कारण तांदूळ, डाळ, मीठ, सगळ्याचा ठावठिकाणा सांगू शकणारी ती एकटीच निघाली. त्यानंतर त्यांना कोणी बोलावलं नाही, आणि त्यांनाही ते जाणवलं नसावं.

माझं काम वाचनाचं. नव्या आवृत्तीबरोबर काय काय बदललं त्याची एक लांबलचक इंग्रजी यादी येते. ऊर्मिलाबेनच्या मते डोळे घाईत असतात, कानांना घाई नसते. म्हणून दुपारी मी ओसरीवर बसून यादी मोठ्याने वाचायची आणि त्यांनी अंगणात येरझारा घालत ऐकायचं. गेली सहा वर्षं मी असं वाचतो आहे आणि मला त्यातलं फारसं कळत नाही. ऊन केळीच्या पानांवर सरकत असतं, वारा आला की सगळी बाग एकदम कूस बदलते, आणि माझ्या तोंडून अनोळखी शब्द एकामागून एक बाहेर पडत असतात. कधी कधी मला वाटतं, मी झोपेतच वाचतो आहे. मग अंगणातून आवाज येतो, "थांबा. ते परत."

एकदा एका प्रोग्रॅमच्या अटींच्या कागदाची खूण जुळेना. जुना आणि नवा, दोन्ही कागद मी शब्द न शब्द वाचले. शेवटी लक्षात आलं, की वरचं साल तेवढं बदललं होतं.

"फक्त साल," मी म्हणालो.

"मास्तर, साल बदलनं ही काय थोडी गोष्ट शे?" असं म्हणून त्या बागेत निघून गेल्या. त्या दिवशी पुढे वाचन झालं नाही.

आता त्या ठिगळाचं सांगतो. मूळ प्रोग्रॅम आपल्याला हवा तसा नसेल, तर त्यावर आपल्या चार ओळी वरून लावायच्या, त्याला ऊर्मिलाबेन ठिगळ म्हणतात. त्यांच्या सगळ्या रेसिप्यांत एक ठिगळ मोलगीचं होतं.

मोलगीच्या बाजूला डोंगरात एका आरोग्य उपकेंद्रात सुनीता नावाची सिस्टर आहे. डब्याबरोबरच्या कागदावर तक्रारीसाठी कंपनीने ऊर्मिलाबेनचा नंबर छापला होता, त्या जिल्ह्यातल्याच म्हणून. एके दिवशी सुनीताचा फोन आला. "ताई, तुमचा डबा उगाच ओरडतो." लाइट जाऊन परत आली, की पहिली काही मिनिटं डबा चुकीचं तापमान वाचायचा आणि किंचाळायचा. त्या सकाळी एक बाई तान्ह्या मुलीला घेऊन तीन तास चालत आली होती. डबा ओरडला. औषध बिघडलं असं समजून तिने मुलीला पदरात गुंडाळलं आणि आली तशी निघून गेली. नंतर सुनीता पाड्यावर दोनदा जाऊन आली, पण बाई दारात येईना.

ऊर्मिलाबेननी त्या दिवशी माझ्यापुढे चहा ठेवला आणि स्वतःचा ओतायला विसरल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी नऊ ओळी लिहिल्या: वीज आल्यावर आकडा स्थिर होईपर्यंत थांब, मगच ओरड. वर रिवाजाप्रमाणे नावं घातली. लिहिणारी ऊर्मिला, कळसाडी. अडचण सांगणारी सुनीता, मोलगी. मग ते ठिगळ प्रोग्रॅमच्या मूळ मंडळींकडे पाठवलं. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही.

डबा उगाच ओरडेनासा झाला, तशी ती बाई परत आली, मुलीला लस मिळाली. पण मूळ प्रोग्रॅमची नवी आवृत्ती आली की कापड बदलायचं आणि जुनं ठिगळ नीट बसायचं नाही. ऊर्मिलाबेन ते उसवून पुन्हा बसवायच्या. मग सुनीताला फोन. "प्लग काढ. आता लाव. ओरडला का?" एवढी तपासणी पाच मिनिटांची. फोन तासभर चालायचा. तिकडच्या मोहाच्या फुलांपासून सुनीताच्या सासूच्या गुडघ्यापर्यंत सगळं मला ओसरीवर ऐकू यायचं.

यंदा ठिगळ काही केल्या बसेना. ऊर्मिलाबेन तीन दिवस झटत होत्या. केस विंचरलेले नव्हते. चौथ्या दुपारी त्यांनी यादी माझ्या हातात दिली. "पहिलेपासून वाचा. मन्हंच काही चुकी ऱ्हायनं."

मी वाचू लागलो. नेहमीसारखे शब्द, नेहमीसारखी गुंगी. आणि मधेच माझ्या तोंडून 'ऊर्मिला' निघालं. पुढे 'कळसाडी'. मग 'सुनीता, मोलगी'.

येरझारा थांबल्या.

"पुन्हा वाचा," त्या म्हणाल्या.

मी पुन्हा वाचलं. सहा वर्षांत पहिल्यांदा मला यादीतलं काही कळलं होतं. मूळ मंडळींनी त्या नऊ ओळी आपल्या प्रोग्रॅममध्येच घेतल्या होत्या. ठिगळ आता कापडातच विणलं गेलं होतं, म्हणून वरून बसत नव्हतं.

"म्हणजे जिंकलात की बेन."

"हां. आते आपलं काढी टाकनं पडी."

ठिगळाची फाइल पुसायला एक क्षण लागतो. त्यांना संध्याकाळ लागली.

तपासणी फोनवर होईल असं मी म्हणालो, तर त्यांनी मान हलवली. "यंदा डोयासमोर दखनं पडी." आणि गावी परतल्यापासून कधी शहाद्यापलीकडे न गेलेल्या ऊर्मिलाबेन आणि मी सकाळच्या एस.टी.ने अक्कलकुव्याला गेलो, तिथून जीपने वर. वळणावळणाने खालचं रान धुक्यात बुडत गेलं. त्या पिशवी मांडीवर घट्ट धरून बसल्या होत्या.

एवढ्या वर्षांच्या फोनांत दोघी एकमेकींना कधी भेटल्या नव्हत्या. सुनीता दारात उभी होती, त्यांच्याहून बरीच लहान. ऊर्मिलाबेन एकदम अवघडल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या, "प्लग कुठे आहे?"

प्लग काढला. अर्धा तास थांबलो. प्लग लावला. आम्ही तिघं फ्रीजसमोर उभे. बाकावर एक आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. डब्याचा हिरवा दिवा लागला. पाच मिनिटं गेली, दहा गेली. बाळ झोपलेलंच होतं.

"झालं?" मी विचारलं.

"झालं."

"काय झालं?"

"काही नही," ऊर्मिलाबेन समाधानाने म्हणाल्या.

मग त्यांनी लॅपटॉप उघडून सुनीताला तिचं नाव दाखवलं. "हे कुठे कुठे जाणार, ताई?" "हा प्रोग्रॅम जिथे जिथे जाईल, तिथे." सुनीताने पडद्यावरच्या नावावरून बोट फिरवलं आणि बाकावरच्या बाईला त्यांच्या बोलीत काहीतरी सांगितलं. बाई तोंडावर पदर धरून हसली.

परतीची जीप भरली. सुनीता सोडायला आली होती.

"आता काही अडचण आली तर फोन कर," ऊर्मिलाबेन पुस्तकी मराठीत म्हणाल्या.

"आता कसली अडचण येणार, ताई. डबा तर गप्प झाला."

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. जीप हलली, तशा त्या माझ्या अंगावरून वाकल्या आणि खिडकीची दांडी धरून म्हणाल्या, "सुनीता, अडचण नही उनी तरी करजो."

सुनीता जीपबरोबर चार पावलं चालली. "बाजाराच्या दिवशी दुपारी मी जरा मोकळी असते."

"कितला वाजता?"

"तीनला."

ऊर्मिलाबेननी पिशवीतून वही काढली आणि हलत्या जीपमध्ये, वेड्यावाकड्या अक्षरांत, ते लिहून घेतलं.