चेअरमनची शीर

आमच्या शेजारचे भानुदासराव चेअरमन जेवताना दुसरी भाकरीसुद्धा अनुमोदक मिळाल्याशिवाय घेत नसत. "आणखी एक घ्यावी म्हणतो," अशी सूचना मांडायचे आणि ताटावरून इकडंतिकडं बघायचे. कुणी "घ्या" म्हणालं की भाकरी मंजूर. गावच्या दूध सोसायटीत उभा जन्म काढला की माणूस असा होतो बघा.

दुष्काळाच्या साली त्यांचं पोट दुखलं. बीडच्या सोनोग्राफीत लिव्हरजवळ गाठ दिसली. घरात रडारड. मग लातूरच्या डॉक्टरांनी कलर डॉपलर केलं, तर त्या गाठीतून रक्त वाहताना दिसलं. म्हणजे गाठ नव्हतीच. लिव्हरकडं जाणारी मोठी शीर एका जागी फुग्यासारखी फुगलेली. डॉक्टर म्हणाले, असं फार क्वचित आढळतं. रक्त साकळलेलं नाही, लिव्हर चांगलं आहे. कापाकापी नको, वरचेवर तपासत राहू.

झालं. भानुदासराव फिल्म घेऊन गावभर हिंडू लागले. मी टँकरवर पाणी भरतेय, तिथंही आले. "आक्का, अख्ख्या तालुक्यात असली शीर न्हाई." आमदाराला नुसता मधुमेह, त्याची तर त्यांना कीव यायला लागली.

पुढं सोसायटीची सभा भरली ती जनावरांच्या चाऱ्यासाठी. चारा राहिला बाजूला, पहिला विषय चेअरमनची शीर. व्हाइस चेअरमननं ठराव मांडला की पुण्याला नेऊन ऑपरेशन करूनच टाकावं, तोवर खुर्ची मी सांभाळतो. विरोधकांनीही पाठिंबा दिला. भराभर हात वर. एवढं प्रेम बघून भानुदासरावांचा चेहरा पांढराफटक पडला. पण सभेचा शब्द त्यांनी कधी मोडलेला नव्हता. सहीला पेन उचलला.

तेवढ्यात कौसल्या उठली, त्यांची बायको. महिलांच्या राखीव जागेवर नावापुरती संचालक. सभेत चहा पिऊन घरी यायची.

"डॉक्टर नको म्हणतेत," ती म्हणाली. "माझा विरोध हाय."

"वहिनी, बहुमत झालंय," व्हाइस चेअरमन म्हणाला.

"मग बहुमताचं पोट कापा."

भानुदासरावांनी पेन खाली ठेवला आणि सभा तहकूब केली.

पुढच्या तपासणीला तिला घेऊन गेले, सोबतीला मी. त्यांना टेबलावर आडवं केलं. डॉक्टरांनी श्वास रोखायला सांगितला, तेव्हा त्यांनी कौसल्येच्या पदराचं टोक डाव्या मुठीत आवळलं. फुगा वाढलेला नाही, असं डॉक्टर म्हणाले. खाली उतरून सदऱ्याची बटणं त्यांनी एकाच हातानं लावली.